वाडा वाचवायचाय? आधी कुठं जायचं ते बघा

पैठणचा एक जुना वाडा वाचवायला सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. त्या वाड्यासाठी तुमचा जीव तुटतोय, हे वाचून खरंच बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच करा.

आधी जागा कुणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. बिबी का मकबरा, देवगिरी किल्ला ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. तिथं १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. गल्लीतल्या वाड्यासाठी मात्र बहुतेक वेळा नगर परिषदच गाठावी लागते. नवखे इथंच चुकतात. भलत्याच दारी अर्ज देतात आणि महिने वाया जातात.

मग नगर परिषदेत दोन गोष्टी मागा:
- विकास आराखडा (गावात कुठली जागा कशासाठी, रस्ते कुठून, हे ठरवणारा नकाशा)
- वारसा यादी, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंची यादी, असली तर

यादीत श्रेणी बघा. श्रेणी १ ला जवळजवळ हात लावता येत नाही, २ मध्ये आतले बदल जपून चालतात, ३ ला बरीच मोकळीक. वाड्याचं नावच नसेल तर ते यादीत घ्या म्हणून फोटो, नकाशा जोडून लेखी अर्ज द्या. पोच घ्याच. विकास आराखड्याच्या कच्च्या मसुद्यावर मी एकदा तोंडी हरकत सांगून आलो होतो; तिची नोंदच झाली नाही.

मालकाशी भांडू नका, गळकं माळवद (मातीचं सपाट छत) त्यालाच सांभाळायचंय. टीडीआर, म्हणजे त्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची सोय, त्याचं नंतर बोलू.