अमिकासिन शिरेतून दिलं, मग त्रास कानाला कसा?

तुम्ही विचारलंय की आईला लघवीच्या इन्फेक्शनसाठी शिरेतून अमिकासिन चालू आहे, कानात थेंबही घातलेला नाही, तरी कानात शिट्टी वाजते. हे कसं?

मी गोव्यातल्या फोंड्यात ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. आधी एक करा: ही तक्रार आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. इंजेक्शन मात्र स्वतःहून बंद करू नका. काही इन्फेक्शनांत हेच औषध जीव वाचवतं.

अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच कुळातली अँटिबायोटिक्स. रक्तातून ती आंतरकर्णातल्या, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातल्या, द्रवात उतरतात. तिथल्या केसपेशींच्या (आवाज टिपणाऱ्या पेशींच्या) टोकावरचे तंतू आवाजाने वाकले की बारीक वाटा उघडतात आणि आपल्याला ऐकू येतं. त्याच वाटांनी औषध आत शिरतं. त्याच्यावर धनभार, पेशीच्या आत ऋण, बाहेरचा द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धन, म्हणून ते आत ओढलंच जातं. भरतीला मानशीतून (बांधाच्या दारातून) खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) शिरलेली मासळी ओहोटीला जाळ्यात अडकते, तसं ते आत अडकून पडतं. मग गाठतं मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला. तिथली प्रथिनं बनवणारी यंत्रणा जिवाणूंच्या यंत्रणेशी मिळतीजुळती, आणि हे औषध जिवाणूंना मारतं ते नेमकी तीच बिघडवून. काही घराण्यांत आईकडून येणाऱ्या जनुकीय बदलामुळे थोड्या डोसनेही बहिरेपण येतं. आजोळी असं कुणाला झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आधी मरतात त्या उंच स्वरांच्या पेशी. माझ्याकडे आलेल्या एका भजनीबुवांना पखवाज स्वच्छ ऐकू यायचा, टाळांची किणकिण मात्र पार विरली होती. समोरचं बोलणं कळत असल्यामुळे घरच्यांना काही जाणवलंच नव्हतं. म्हणून ८००० हर्ट्झपर्यंतच्या नेहमीच्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या चाचणीवर) थांबू नका, हाय फ्रिक्वेन्सी चाचणीही मागा. खरं तर ती पहिल्या डोसाआधी किंवा निदान सुरुवातीलाच व्हायला हवी. ती होत नाही, नातेवाइकांना धोकाही सांगितला जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. शिवाय औषध पेशीत महिनोन्महिने राहतं, त्यामुळे कोर्स संपल्यावरही ऐकणं घटू शकतं. या औषधाने आंतरकर्णातला तोलही बिघडू शकतो, म्हणून अंधारात चालताना आईचा तोल जातो का तेही बघा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलंय का, सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू आहे का, हे विचारा. दोन्हींनी धोका वाढतो. जवळ सोय नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ईएनटी, म्हणजे कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि कोर्सनंतर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून घ्या.