साहेबांचा अंगठा

प्रिय,

रात्री जागून केलेल्या रिपोर्टवर साहेबांनी व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला, याचं तुला वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्यात तुझा अपमान आहे, हे आधी मनातून काढून टाक. पन्नाशी ओलांडलेली आमची पिढी अंगठा पाठवते तेव्हा तिला म्हणायचं असतं, 'वाचलं, छान झालंय, पुढे चला.' तुम्हाला मात्र त्यात 'कळलं, आता जा' असा तुटकपणा दिसतो. 'ठीक आहे' पुढच्या पूर्णविरामाचंही तसंच. आम्हाला शाळेत वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायला शिकवलं. तुम्हाला त्यात कपाळावरची आठी दिसते.

उलटंही होतं. परवा तू ग्रुपवर हसण्याच्या जागी कवटी टाकलीस. तुमच्यात तिचा अर्थ 'हसून मेले', पण स्टोअरमधल्या काकांनी मला काळजीने फोन केला, 'मॅडम, कुणी गेलं का?'

इमोजी म्हणजे पोरकटपणा, असं आपल्याकडचे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आम्ही पत्रं लिहायचो तेव्हा वर 'सा. न. वि. वि.' आणि खाली 'कळावे, लोभ असावा' असायचं. मधला मजकूर कितीही रोखठोक असला तरी या दोन टोकांमुळे तो बोचत नसे. मेसेजमध्ये ती दोन्ही टोकं गळून पडली. जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमोच्या मोबाइल सेवेसाठी १९९९ मध्ये १७६ इमोजी-चित्रं केली, प्रत्येक जेमतेम १२ बाय १२ ठिपक्यांचं, त्यामागची अडचण हीच होती. त्रोटक मजकुरातून लिहिणाऱ्याचा सूर कळत नव्हता. म्हणून 'हा हिशोब पुन्हा बघ' असं लिहिताना सोबत एक हसरा चेहरा जोडायला संकोच करू नकोस. ज्युनिअर मुलांना त्याने खरंच धीर येतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. रात्री साडेदहाला शिफ्टच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'उद्या फर्स्ट शिफ्टला प्रेस मशीनवर दोन ऑपरेटर कमी आहेत, बदली द्या.' खाली तीन अंगठे पडतात. एकाला म्हणायचं असतं 'वाचलं', दुसऱ्याला 'बघतो', तिसऱ्याला 'माणूस देतो'. पाठवणारा तीन अंगठे बघून निवांत झोपतो आणि सकाळी सातला प्रेस बंद. इथे वयाचा संबंध नाही. तरुण आणि जुने दोघेही असंच करतात.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात अंगठ्याचं असंच एक प्रकरण थेट कोर्टात गेलं. २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो मेसेजवर पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. पुढे भाव चढले, जवस काही पोचलं नाही. शेतकरी म्हणाला, अंगठ्याचा अर्थ कागद मिळाला एवढाच होता. कोर्टाने मात्र त्यांचे आधीचे व्यवहार तपासले. तेव्हाही तो 'ओके', 'यप' अशा एकेका शब्दावर सौदे पक्के करत आला होता. २०२३ मध्ये तो अंगठा संमतीच धरला गेला आणि ८२ हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलरची भरपाई त्याच्यावर बसली. २०२४ मध्ये अपिलातही निकाल तोच राहिला.

तेव्हा तारीख, पैसे, माणसं आणि मंजुरी या चार गोष्टी आल्या की शब्दांत लिही. 'हो, दोघांना पाठवते, पावणेसातपर्यंत पोचतील.' त्यानंतर हवा तर अंगठाही लाव. साहेबांचा अंगठा आला की निमूट अंदाज बांधत बसू नकोस, 'सर, हे मंजूर समजून कस्टमरला पाठवू का?' असं सरळ विचार. त्यांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल. आणि नव्या कस्टमरशी बोलताना पहिला इमोजी त्यांच्याकडून येऊ दे.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. व्हॉट्सअॅपवर मेसेज दाबून धरला की हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आणि रडका चेहरा जवळजवळच दिसतात. चष्मा हाताशी नसेल तर अश्रू तेवढे दिसतात, हसू दिसत नाही. कुणाच्या निधनाच्या बातमीखाली एखाद्या ज्येष्ठाकडून चुकून हसरा चेहरा पडला, तर ग्रुपवर बोलू नकोस आणि स्क्रीनशॉट तर मुळीच फिरवू नकोस. लगेच फोन कर, हळूच सांग. ते नीट करायला दोन सेकंद लागतात, पण कसं करायचं हे अनेकांना ठाऊक नसतं. जवळच असतील तर जाऊन दाखवून ये.