सिगारेट त्यांची, खर्च माझा?

प्रश्न : मी कधी सिगारेट ओढली नाही, रोज चालतो, आरोग्य विम्याचा हप्ता भरतो. ज्यांनी स्वतःच्या हाताने तब्येतीची वाट लावली, त्यांच्या सरकारी उपचारांचा खर्च माझ्या करातून का? त्यांनी खासगी रुग्णालयात जावं.

उत्तर : तुमचा राग मी समजू शकते. सरकारी रुग्णालयात छातीच्या विकारांच्या वॉर्डात मी बावीस वर्षं काढली आणि सुरुवातीला मलाही असंच वाटायचं. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या एका बाईंना मी सिगारेटवरून फटकारलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "डॉक्टर, आईनं आयुष्यात कधी ओढली नाही." मी परत जाऊन माफी मागितली. कर्करोग न ओढणाऱ्यांनाही होतो, हे मला काय माहीत नव्हतं? ज्यांनी ओढली त्यांच्यातही बहुतेकांना सवय लागलेली असते ती कोवळ्या वयात. दोष कुठल्या वर्षापासून मोजायचा?

आणि तुमचा विमा? ज्या वर्षी तुम्ही आजारी पडत नाही, त्या वर्षीच्या हप्त्यातून दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन होतं. त्यात ओढणारेही असतात.

खिशातून पैसे गेले की माणूस जबाबदारीने वागतो, हेही तितकं खरं नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात रँड संस्थेने काही कुटुंबांना उपचार मोफत दिले, काहींना बिलाचा वाटा उचलायला लावला. वाटा उचलणारे डॉक्टरकडे कमी गेले, पण त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचेही टाळले. मोफत गटातल्या गरिबांचा रक्तदाब मात्र जास्त आटोक्यात राहिला.

तुमच्या बाजूचं एक उदाहरण मलाही छळतं. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टला २००२मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून नवं यकृत मिळालं. तो पुन्हा प्यायला लागला, २००५मध्ये गेला. दान मिळालेली यकृतं मोजकी, वाट पाहणारे कितीतरी. तिथे रुग्णाला ते पुढे जपता येईल का, हे कसून तपासायलाच हवं. मात्र ते पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही तपासावं.

ऑपरेशनआधी सिगारेट सोडा, असं मीही हट्टाने सांगायचे, कारण ओढणाऱ्याची जखम लवकर भरत नाही. पण सोडायला मदत करणारा माणूस त्याच वॉर्डात हवा. आमच्याकडे तो नव्हता. तुमच्या करातला थोडा पैसा मी आधी त्याच्या पगाराला देईन.