‘ग्लोबल’ लिहूनही दुसऱ्या फाईलमध्ये जुनेच मूल्य का दिसते?

आपला प्रश्न मी असा समजलो: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या ‘दर’ या फाईलमध्ये हमाली १० ठेवली आहे. ‘मुख्य’ आणि ‘पट्टी’ या दोन्ही फायलींनी ती ‘फ्रॉम दर इंपोर्ट हमाली’ असे लिहून आणली आहे. पुढे ‘मुख्य’मधल्या एका फंक्शनमध्ये ‘ग्लोबल हमाली’ म्हणून तिचे मूल्य १२ केले, तरी ‘पट्टी’मधला हिशेब १० नेच होतो.

येथे कोल्हापुरात एका नातेवाइकांच्या गुळाच्या आडतीसाठी मी पायथनमध्ये हिशेब लिहिला, तेव्हा मलाही नेमकी हीच अडचण आली होती. सौदे उरकल्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, छापल्या आणि सगळ्या जुन्या हमालीने निघाल्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पायथनमधला ‘ग्लोबल’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण तो संपूर्ण प्रोग्रॅमपुरता नसून केवळ त्या एका फाईलपुरता असतो. प्रत्येक फाईल म्हणजे एक मॉड्यूल आणि प्रत्येक मॉड्यूलची नावांची यादी स्वतंत्र. फंक्शनमध्ये एखादे नाव आले की पायथन ते आधी त्या फंक्शनमध्ये शोधतो, मग त्याला वेढणाऱ्या बाहेरच्या फंक्शनांमध्ये, मग मॉड्यूलमध्ये आणि शेवटी भाषेच्या अंगभूत नावांमध्ये. यातले मॉड्यूल म्हणजे फंक्शन जेथे लिहिले आहे ते; ते जेथून बोलावले त्या फाईलकडे पायथन पाहतही नाही. त्यामुळे ‘मुख्य’मधून बोलावलेले ‘पट्टी’चे फंक्शन ‘पट्टी’चीच हमाली वाचते.

आता इंपोर्टकडे येऊ. पेढीवरच्या फळ्यावर हमाली १० लिहिली आहे आणि आपण ती आपल्या वहीत उतरवून घेतली, असे समजा. नंतर कोणी फळ्यावरचा आकडा पुसून १२ लिहिला, तरी वहीत १० च राहतात. ‘फ्रॉम दर इंपोर्ट हमाली’ हे असे वहीत उतरवणे आहे: त्या क्षणी ‘दर’मधले नाव ज्या मूल्याकडे बोट दाखवते, त्याच मूल्याकडे बोट दाखवणारे नवे नाव आपल्या मॉड्यूलमध्ये तयार होते. आपण दोन वह्या केल्या आणि त्यांतल्या एकीतच खाडाखोड केली. फळा आणि दुसरी वही तशीच राहिली. याउलट ‘इंपोर्ट दर’ लिहून प्रत्येक वेळी ‘दर.हमाली’ म्हटले, तर दर वेळी फळ्याकडेच पाहिले जाते.

म्हणून दोन्ही फायलींमध्ये ‘इंपोर्ट दर’ लिहावे, ‘मुख्य’मध्ये थेट ‘दर.हमाली’ला १२ द्यावेत आणि ‘पट्टी’नेही ‘दर.हमाली’च वाचावे. ‘ग्लोबल’ची ओळ मग लागतच नाही. तारांकन लावून सगळी नावे एकदम आणण्याचा मोह मात्र टाळावा; त्यात याच वह्या घाऊक तयार होतात आणि कोणते नाव कोठून आले हेही कळेनासे होते.

फळ्याच्या दृष्टांताला एक मर्यादा आहे. हमाली ही साधी संख्या नसून अनेक मूल्ये एकत्र ठेवणारी लिस्ट किंवा डिक्शनरी असती आणि आपण तिच्यात भर घातली असती, तर ती भर दोन्हीकडे दिसली असती, कारण दोन्ही नावे एकाच वस्तूकडे बोट दाखवत असतात. नावाला नवे मूल्य देणे वेगळे आणि असलेल्या वस्तूत बदल करणे वेगळे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे ‘कधी चालते, कधी चालत नाही’ असे वाटू लागते.

दोन फायलींनी ‘इंपोर्ट दर’ लिहिल्यावर ‘दर’ दोनदा चालेल आणि हमाली पुन्हा १० होईल, अशी शंका आपल्याला येईल. तसे होत नाही. मॉड्यूल पहिल्या इंपोर्टला एकदाच चालते आणि पायथन ते आपल्या नोंदीत ठेवतो. पुढचे इंपोर्ट त्या नोंदीतले तयार मॉड्यूल हाती देतात.

अपवाद आहे तो आपण स्वतः चालवलेल्या फाईलचा. ‘मुख्य’ चालवताना तिची नोंद ‘मुख्य’ या नावाने न होता ‘मेन’ या राखीव नावाने होते. त्यामुळे ‘पट्टी’मध्ये कोणी ‘इंपोर्ट मुख्य’ लिहिले तर तीच फाईल दुसऱ्यांदा चालते आणि तिच्या नावांच्या दोन स्वतंत्र प्रती तयार होतात. म्हणूनच हमाली ‘मुख्य’मध्ये न हलवता ‘दर’मध्येच राहू द्यावी आणि ‘दर’ने या दोघींपैकी कोणालाही इंपोर्ट करू नये.