वाचकांचे प्रश्न: बंदरातील मालगाडीची प्रतिकृती

प्रश्न : मुंबई बंदराच्या जुन्या रेल्वेची प्रतिकृती फळीवर मावेल का?

उत्तर : १९१५ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे बॅलार्ड पिअरकडून वडाळ्यापर्यंत जात असे आणि तेथील यार्डात मुख्य मार्गांशी वाघिणींची (मालडब्यांची) देवाणघेवाण करीत असे. सारा मार्ग उभारण्याचा मोह टाळून शिवडीच्या कापूस डेपोसारखे एकच ठिकाण निवडावे, कारण खरी गंमत वेगात नसून, शंटिंगच्या (डबे पुढेमागे हलवून जागी लावणाऱ्या) इंजिनाने नेमकी हवी ती वाघीण मधून काढून गोदामाच्या फलाटाशी लावण्यात आहे. मात्र १:८७ प्रमाणात (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या प्रतिकृतीत) ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटर अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर होते, तर बाजारातील तयार रुळांमध्ये ते १६.५ मिलिमीटर असते. ही तडजोड आमच्या मते खुशाल स्वीकारावी.