ग्राफिक्स कार्ड एका टोकाला झुकलंय, त्याला टेकू द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तीन पंख्यांचं नवं कार्ड बसवलं, त्याचं पुढचं टोक 5 मिमी खाली आलंय आणि दुकानदार 400 रुपयांचा स्टँड घ्या म्हणतोय. तो स्टँड गळ्यात मारतोय की खरंच लागतो, हा तुमचा प्रश्न.

टेकू लागतो. 400 रुपयांचाच लागतो असं नाही.

मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जेमतेम 9 सेंमी लांबीवर धरतो. मागे कॅबिनेटला एक-दोन स्क्रू. बाकी सगळं अधांतरी. पूर्वी हे चालून जायचं, कारण कार्डं हलकी होती. आता एनव्हिडिया कंपनीच्या RTX 4090 सारखं कार्ड 30 सेंमी लांब आणि 2 किलोच्या वर असतं. हा भार येतो कुठे, तर स्लॉटच्या लॅचजवळ, म्हणजे कार्ड अडकवून धरणाऱ्या खिटीजवळ, जिथे कार्डाच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या पट्टीला खाच असते त्या कोपऱ्यावर. दोन पंख्यांचं छोटं कार्ड असतं तर मी म्हटलं असतं, विसरून जा.

माझं जड कार्ड दोन वर्षं तसंच झुकलेलं होतं. काही झालं नाही. रोज गेम खेळायचो, त्यामुळे टेकूबिकू म्हणजे यूट्यूबवाल्यांची थेरं वाटायची. मग नाशिकहून पुण्याला घर हलवलं. कॅबिनेट टेम्पोत उभाच ठेवला, कार्ड आतच. पुण्यात चालू केलं तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली दाखवलं: त्याच खाचेपाशी केसाएवढी चीर. कार्डाच्या बोर्डाला आत बरेच थर असतात, वरचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, जोडता येईल पण आतल्यांचं काय करू, म्हणाला. कार्ड गेलं. टेबलावर स्थिर असताना ते कदाचित अजून काही वर्षं टिकलं असतं. आधीच ताणलेल्या बोर्डाला रस्त्यातल्या खड्ड्यांनी संपवलं.

म्हणून आधी फुकटातला उपाय करा. संगणक बंद करून वायर काढा, मागचे स्क्रू सैल करा, कार्ड एका हाताने सरळ पातळीत धरा आणि मग स्क्रू आवळा. बऱ्याचदा यातच निम्मं झुकणं जातं. कार्डाच्या खोक्यातही नीट बघा, जड कार्डांसोबत कंपन्या बऱ्याचदा आधाराची पट्टी देतात आणि लोक ती खोक्यासकट माळ्यावर टाकतात.

उरलेल्यासाठी टेकू. माझ्या आत्ताच्या कार्डाखाली आईच्या शिलाई मशीनचं दोऱ्याचं प्लॅस्टिकचं रीळ आहे, वर रबराचा तुकडा. दिसायला गबाळं आहे, पण काचेच्या दारातून कोण बघतंय! टेकू पुढच्या टोकाला, कार्डाच्या कडेच्या घट्ट भागाखाली द्या. पंख्याच्या पात्याला किंवा उघड्या बोर्डाला तो लागता कामा नये. कार्ड जेमतेम सपाट होईल इतकाच उंच ठेवा. वर ढकललंत तर तोच ताण उलट्या बाजूने बसेल. चुंबकाचा स्टँड घेणार असाल तर खालचा पत्रा लोखंडी आहे का ते आधी बघा, ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही.

आणि घर बदलताना कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात, फोमसकट न्या. टेकू लावलेला असला तरी.