गिटच्या मॅन पेजमधली पहिली दुरुस्ती

गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) याच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडची माहिती देणाऱ्या पानात, चूक सापडली ना? छान! पण लगेच वाक्य बदलू नका, आधी कमांड चालवून बघा. उदाहरणार्थ, 'गिट लॉग' (बदलांच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये नोंदींची मांडणी ठरवणाऱ्या 'प्रिटी' पर्यायाला दिलेलं 'फॉरमॅट' फक्त दोन नोंदींच्या मधे नवी ओळ टाकतं, 'टीफॉरमॅट' शेवटच्या नोंदीनंतरही. पेजरमध्ये (आउटपुट पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आउटपुट 'डब्ल्यूसी' या मोजणी करणाऱ्या कमांडला देऊन ओळी मोजा, 'फॉरमॅट'ची एक कमी भरेल. नवखे इथेच फसतात आणि बरोबर मजकूर 'दुरुस्त' करून ठेवतात.

बाकी सुरुवातीला दोनच गोष्टी:

- तयार मॅन पेजला हात लावू नका. मूळ मजकूर 'डॉक्युमेंटेशन' फोल्डरमध्ये आहे. फॉरमॅटचा भाग 'लॉग', 'शो' वगैरे पानांत एकाच फाइलमधून येतो, म्हणून तुमचं वाक्य सगळीकडे लागू पडायला हवं.
- एका पॅचमध्ये (पाठवायच्या बदलांच्या फाइलमध्ये) एकाच चुकीची दुरुस्ती. जाता जाता स्पेलिंग सुधारायचा मोह आवरा.

पॅच मेलने पाठवायची भानगड नंतर बघू.